शून्यावर बसलेला काटा

॥ श्री ॥
हनुमंतनगर, बेंगळूरु
५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप अण्णांना,

अनुसूयेचा इथूनच वाकून नमस्कार.

फोन केला असता, पण तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडायचं त्राण राहिलेलं नाही. मागच्या वेळी तुमच्याशी बोलत होते तर शेजारच्या रम्याने गॅलरीतून विचारलं, "अक्का, कोणाशी जगळ?" तिला वाटलं भांडण चाललंय. म्हणून हे पत्र. कागद कॅलेंडरच्या पाठचा आहे. सप्टेंबर संपला, पान टाकवेना.

विषय गाडीचा. तुम्ही बसच्या डेपोतून निवृत्त झाल्यावर जिचं इंजिन अंगणात मांडून, पुन्हा बांधून आम्हाला दिलंत, ती आपली जीप. तिच्या ऑईल प्रेशरचा काटा शून्यावर बसला आहे आणि हे म्हणतात की इंजिन संपलं.

झालं असं. खंडेनवमीला दरवर्षीप्रमाणे गाडी धुतली, हार घातला, फाटकाच्या उंबऱ्यावर डावी-उजवीकडे लिंबं ठेवली. यांनी गाडी बाहेर काढली. उजवीकडची लिंबं चिरडली. डावीकडची तशीच, अखंड. वर डावा मडगार्ड फाटकाच्या खांबाला घासला. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. हे म्हणाले, "लिंबंच वाकडी ठेवलीस." दुसऱ्या दिवशी हे गाडीजवळ बराच वेळ होते, आणि आत येऊन म्हणाले, "अनुसूया, काटा उठत नाही. इंजिनाचा दम गेला. आता ती बाहेर काढायची नाही."

तुम्हाला खानापूरकडच्या माउलीदेवीच्या नवसाचं माहीत आहेच, तरी लिहिते, म्हणजे माझी घालमेल कळेल. आमच्या निवेदिताची शलाका सातव्या महिन्यात झाली आणि काचेच्या पेटीत होती, तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून बोलले होते: "माउली, पोर घरी येऊ दे. दोन वर्षांची व्हायच्या आत तिचे आजोबा स्वतः गाडी हाकत तिला तुझ्या पायरीशी आणतील." पोर घरी आली. आता धावते, यांचा चष्मा ओढते. येत्या माघी पौर्णिमेच्या पुढे मुदत नाही. खानापूरच्या पलीकडे त्या रानातल्या वाटेने जीपशिवाय काही जात नाही, हे तुम्हीच सांगता.

लिंबू राहिलं ते माउलीनेच ठेवलं का, असं रात्रंदिवस वाटतं. तुम्ही शास्त्राचं सांगा. देवाचं मी बघते.

वहिनींना नमस्कार. त्यांच्या गुडघ्याला एरंडेल चोळायला सांगा, ऊन करून.

तुमची,
अनुसूया


निपाणी
१४ ऑक्टोबर

चि. अनूस आशीर्वाद.

पत्र पोचलं. लिंबांचं आधी सांगतो. डावी लिंबं सुटली आणि डावा मडगार्ड घासला याचा अर्थ स्टिअरिंगला प्ले आला आहे. चाक सरळ धरलं तरी गाडी एकीकडे ओढते. त्यात माउलीचा काही संबंध नाही. दामोदररावांना म्हणावं, टाय-रॉडची टोकं हलवून बघा.

आता काटा. एक गोष्ट मनात पक्की कर. काटा म्हणजे इंजिन नव्हे. काटा म्हणजे इंजिनाबद्दल कोणीतरी येऊन सांगितलेली बातमी. बातमी खोटी असू शकते. डेपोत मी नव्या पोरांना हेच सांगायचो: काट्यावरून इंजिन उघडलंत तर हात तोडीन.

खरंच प्रेशर नसेल तर इंजिन गप्प बसत नाही. वरून टॅपेट खडखडतात, पत्र्यावर खडे पडावेत तसं. तेव्हा पहिल्यांदा डिपस्टिक ओढून पुसून परत घालून बघ, तेल दोन खुणांच्या मधे आहे का. ते असेल तर गाडी सुरू करून कान दे. आवाज नेहमीसारखा असेल तर इंजिनाला काही झालेलं नाही.

मग बातमी आणणारा शोधायचा. ऑईल फिल्टरच्या जवळ इंजिनाला एक पितळी बोंडासारखा भाग बसवलेला आहे, त्याला सेंडर म्हणतात. त्याच्या टोकाला एकच वायर येते. ती वायर काढायची, किल्ली चालू ठेवायची आणि वायरचं उघडं टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचं. काटा झटक्यात दुसऱ्या टोकाला गेला तर मीटर चांगलं, वायर चांगली, सेंडर मेला. नाही गेला तर वायर कुठेतरी तुटली. एवढंच. यात इंजिन संपलं वगैरे काही नाही. मी बांधलेलं आहे ते.

दामोदरराव इतके चहाच्या मळ्यातून, माफ कर, कॉफीच्या मळ्यातून हिंडलेले. त्यांना हे माहीत नाही? आश्चर्य आहे.

तुझी वहिनी एरंडेलाच्या वासाला भिते.

अण्णा


हनुमंतनगर
२ नोव्हेंबर

तीर्थरूप अण्णा,

आज तुळशीचं लग्न. ऊस, आवळा, चिंचा सगळं मांडून झालं, आता भटजी येईपर्यंत लिहिते. पाय दुखतात. दिवाळी आली आणि गेली, मला नुसती भांडी आठवतात.

तुमचं पत्र मी यांना वाचून दाखवलं. हल्ली यांचा चष्मा सापडत नाही, सापडला तर त्याच्यावर तेलाचा डाग असतो, म्हणून पत्र, बिलं, पंचांग, सगळं मीच वाचते. "आश्चर्य आहे" या शब्दावर हे स्वल्प हसले. म्हणाले, "अण्णांना निपाणीत बसून माझं इंजिन दिसतं वाटतं." आणि उठून पडवीत गेले. जाताना दाराच्या चौकटीला खांदा लागला. मी म्हटलं, सावकाश. तर म्हणाले, दाराला कडा आहेत हे मला माहीत आहे.

मला इंजिनाला हात लावू देईनात. शेवटी हे मठात आरतीला गेले तेव्हा मी बॉनेट उघडून डिपस्टिक ओढली. तेल मधे होतं, काळं पण भरपूर. पुढचं धाडस झालं नाही. मग निवेदिताने शिवाजीनगरहून एक मेकॅनिक पाठवला, महांतेश म्हणून. बेळगावकडचाच आहे, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलतो. त्याने बॉनेटात डोकं घातलं आणि लगेच हसला. "अम्मा, हे काय, वायर निघाली आहे." वायर बसवली, किल्ली फिरवली, आणि काटा उठून मधे जाऊन उभा राहिला! आवाज तर असा की रम्या गॅलरीत आली. महांतेश म्हणाला, "एंजिन वज्र आहे अम्मा. कोणी बांधलं?" मी तुमचं नाव सांगितलं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिते.

मी त्याच दिवशी माउलीसाठी खण काढून ठेवला. हिरवा, चिकपेटेतून आणलेला, घासाघीस करून.

आणि चारच दिवसांत काटा पुन्हा शून्यावर. हे म्हणाले, "बघितलंस? वायरचं काही नव्हतं. आतून गेलंय ते. माणूस कधी कधी उठून बसतो ना शेवटी, तसं झालं." मला इतका राग आला की मी वरणात दोनदा मीठ घातलं. हे निमूट जेवले.

अण्णा, खरं सांगा. इंजिन असं मधेच उठून पुन्हा पडतं का?

अनुसूया


निपाणी
११ नोव्हेंबर

चि. अनूस,

इंजिन असं करत नाही. माणसं करतात.

आता ऐक. वायर एकदा बसवून पुन्हा काटा पडला म्हणजे सेंडर सैल आहे किंवा त्याचं टोक झिजलंय. गाडी थरथरते, वायर निसटते. नवा सेंडर या पत्रासोबत कुरियरने पाठवतोय. माझ्याकडे ठेवणीतला होता. त्या महांतेशला सांग, जुना काढून हा बसव. आट्यांना पांढरी टेप गुंडाळायची नाही, पुष्कळ जण गुंडाळतात, मग सेंडरला इंजिनाचं लोखंड नीट लागत नाही आणि काटा वेडं दाखवतो. वायरचं टोक कानशीने घासून चकचकीत कर म्हणावं.

दामोदररावांचं "आतून गेलंय" हे बोलणं मला रुचलं नाही. या माणसाने सकलेशपूरच्या घाटात पावसात दोरी बांधून ही गाडी वर काढली होती. त्यांना आता काय झालंय? म्हातारपण आलं की काय अंगावर? मी त्यांच्याहून मोठा. मी अजून रोज सकाळी डेपोपर्यंत चालत जातो आणि गाड्यांच्या बॉनेटवर हात ठेवून येतो. ऐकू येत नसलं तरी हाताला कळतं.

स्टिअरिंगचं बघितलं का ते लिहिलं नाहीस.

अण्णा


हनुमंतनगर
१४ डिसेंबर

अण्णा,

उत्तराला महिना लागला. दोनदा लिहायला बसले आणि उठले.

तुमचा सेंडर पोचला. महांतेशने बसवला, टेपशिवाय, टोक घासून. काटा मधे आला. आठवडाभर मी रोज बघत होते, वाचायला येत नसलेल्या पोराने पाटी बघावी तसं. मग एक दिवस पुन्हा शून्य. महांतेशला बोलावलं तर फोनवरच म्हणाला, "अम्मा, तुमच्या गाडीत भूत आहे. मेकॅनिक नको, पूजारी बोलवा."

त्याने थट्टा केली असेल, मला ती खरी वाटली. डावी लिंबं अखंड राहिली होती ना. मी गुरुवारी मठात जाऊन गाडीच्या नावाने मंत्राक्षता घेतल्या. म्हटलं, या इंजिनावर टाकू, माउलीची क्षमा मागू. हे दुपारी पडले होते. मी बॉनेट उघडली.

अण्णा, वायर निघालेली होती. निसटलेली नाही. काढलेली. तिच्या उघड्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली होती, नीट, कोणाला धक्का बसू नये म्हणून गुंडाळतात तशी. आणि टेपचं शेवटचं टोक आत दुमडलेलं होतं.

तुम्हाला यातलं काही कळणार नाही. या घरात टेपचं टोक दुमडायचं असतं. उदबत्तीचा पुडा असो, औषधाचं खोकं असो. लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली, हे मला सांगत आले: "टोक दुमड गं. म्हणजे पुढच्या वेळी नखाने शोधत बसायला नको." मी कधी दुमडत नाही, मला आठवतच नाही. या घरात टोक दुमडणारा माणूस एकच आहे.

मी मंत्राक्षता हातात घेऊन तशीच उभी राहिले. पहिल्यांदा राग आला. म्हटलं, माझा नवस याला नको आहे. नंतर एकेक करून डोळ्यांपुढे यायला लागलं. चष्मा सापडत नाही. चौकटीला खांदा. मठात तीर्थ घेताना हे हात पुढे करून थांबतात, पळी हाताला लागेपर्यंत. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम कॉफीचा लोटा यांच्या डाव्या हाताला ठेवला. रोज उजवीकडे ठेवते. हे उजवीकडे चाचपत राहिले. मग म्हणाले, "कॉफी देतेस ना?" लोटा तिथेच होता, अण्णा, मनगटाला वाफ लागेल इतका जवळ.

स्टिअरिंगला काही झालेलं नाही. लिंबं यांना दिसलीच नाहीत. खांबही दिसला नाही. त्या दिवशी फाटकाबाहेर पोरं फटाके उडवत होती. काय झालं असतं ते मी मनात आणू शकत नाही, आणि यांनी आणलं असणार. म्हणून दुसऱ्या दिवशी वायर काढली.

मला सांगितलं का नाही ते विचारायचं बळ माझ्यात नाही. विचारलं तर हे खोटं बोलतील, मग मला त्यांना खोटं पाडावं लागेल. निवेदिताला सांगितलं तर ती बेळ्ळंदूरहून गाडी काढून तडक येईल आणि यांना ओढत डॉक्टरकडे नेईल, आणि हे तिच्याशी वर्षभर बोलणार नाहीत.

म्हणून तुम्हाला मागते. एक पत्र लिहा, यांच्या नावाने, मी मोठ्याने वाचून दाखवेन असं. त्यात लिहा की तुम्ही नीट विचार केला आणि इंजिन खरंच गेलं आहे, ते आता चालवायचं नाही. तुमचा शब्द हे मानतील. मग यांना चोरून वायर काढायला लागणार नाही. सुटतील बिचारे. मग हळूच डोळ्यांचं बघता येईल.

नवसाचं मी माउलीशी बघेन. तिच्यापुढे मी खोटी पडले तर चालेल. यांनी कोणापुढे पडू नये.

अनुसूया


निपाणी
२३ डिसेंबर

(हा कागद तुझ्यासाठी.)

अनू,

तुझं पत्र घेऊन डेपोच्या कट्ट्यावर बसलो होतो. तू मागितलंस ते पत्र दुसऱ्या कागदावर लिहिलं आहे. पहिल्यांदा लिहिलं ते फाडलं. आयुष्यात चांगल्या इंजिनावर लाल खडूने फुली मारली नव्हती. ती आता मारली.

माझे कान गेले तेव्हा मीही वर्षभर कोणाला सांगितलं नव्हतं. समोरचा बोलायला लागला की मान डोलवायची, हसायचं. तुझी वहिनी एकदा म्हणाली, "अहो, भाजी जळली, आणि तुम्ही हसताय." तेव्हा फुटलं. म्हणून दामोदररावांवर रागावू नकोस. मी रागावलो होतो, तेही मागे घेतो.

हे लिहितो तोवर एक मनात आलं. हा कागद तू त्यांच्यासमोर उघडा ठेवलास तरी चालेल. त्यांना आता तो वाचता येणार नाही.

(हा कागद वाचून दाखवायचा.)

श्री. दामोदरराव यांस आप्पाजीचा, अनूच्या अण्णाचा, नमस्कार.

अनूच्या पत्रांवरून आणि महांतेशच्या सांगण्यावरून मी पुन्हा नीट विचार केला. काटा उठून पुन्हा पडतो म्हणजे वायरचा किंवा सेंडरचा दोष नाही. मेन बेअरिंग झिजलेली आहेत. तेल त्यातून निघून जातं आणि प्रेशर टिकत नाही. हे माझ्या बांधणीतच राहून गेलं असावं. गाडी आता सुरू करू नये. माघी पौर्णिमेला ती नेण्याचा विचार सोडून द्यावा. आपल्या चालवण्यात काही चूक झालेली नाही.

आपला,
आप्पाजी


हनुमंतनगर
११ जानेवारी २०२६

तीर्थरूप अण्णा,

संक्रांतीचा तिळगूळ, इथला एळ्ळु-बेल्ला, पाठवते आहे. तीळ घरी भाजले, खोबरं यंदा मीच कातरलं, म्हणून तुकडे वेडेवाकडे आहेत. गोड बोला, पुरे झालं वेडंवाकडं बोलणं.

तुमचा कागद मी वाचला. दुपारची वेळ होती, हे पडवीत बसले होते, तोंड गाडीकडे. मी "बेअरिंग झिजलेली आहेत" वाचलं आणि हे म्हणाले, "थांब. पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं.

"अण्णांनी लिहिलंय?"

"हो."

"सही त्यांची?"

"त्यांचीच."

"ते 'माझ्या बांधणीत राहून गेलं' म्हणतात ते पुन्हा वाच."

वाचलं. मी उठून दोरीवरचे कपडे घड्या घालायला आणले. परत आले तेव्हा यांचे कान लाल झालेले होते. म्हणाले, "मेन बेअरिंग गेलेलं इंजिन थंडीत एका किल्लीत उठतं का गं? लोहारासारखं ठोकतं ते. हे त्यांना माहीत नाही? अण्णांना? त्यांनी स्वतःच्या हातच्या इंजिनावर असं लिहावं?" मग आवाज खाली आला. "कोणी लिहायला लावलं?"

मी घड्याच घालत राहिले.

"बॉनेट उघड," म्हणाले.

मी उघडली. यांनी मान वर केलीच नाही. हात सरळ आत गेला, फिल्टरच्या मागे, आणि वायर बाहेर आली. दुमडलेलं टोक चिमटीत धरून टेप एका ओढीत सोडवली. वायर बसवली. "किल्ली फिरव." अण्णा, मी आयुष्यात गाडी सुरू केलेली नव्हती. चाळीस वर्षं शेजारी बसून नुसती देवाचं नाव घेत आले. त्या दिवशी सुरू केली.

"काटा कुठाय?"

"मधे."

"असणारच," म्हणाले. "त्या इंजिनाला कोणी नावं ठेवायची नाहीत."

मग गाडीच्या पायरीवर बसले. मी शेजारी बसले, गाडी चालूच होती, पेट्रोल जात होतं आणि मी किल्ली बंद केली नाही, यावरून समजा. हे म्हणाले, डावीकडचं गणपतीपासून काही दिसत नाही. आधी वाटलं काचेवर धूर बसलाय. नंतर उजवीकडच्याही कडा गेल्या. "तुझी माउली, तुझा नवस. तू म्हणाली होतीस, आजोबा गाडी हाकत आणतील. माझ्या डोळ्यांपायी तुझा शब्द मोडला, असं तुला वाटायला नको होतं. इंजिनापायी मोडला तर इंजिनाला काय." मला तेव्हा रडू आलं नाही. आता लिहिताना येतंय, कागदाचं कारण सांगते, कॅलेंडरचा कागद गुळगुळीत असतो, शाई पसरते.

डॉक्टर झाले. काचबिंदू. गेलेलं येणार नाही. उरलेलं थेंबांनी धरून ठेवता येईल, रोज, न चुकता. बाटलीवर मी टेप लावून दिवस आणि रात्र लिहिली आहे, आणि टोक दुमडलं आहे. निवेदिता आली, रडली, ओरडली, ठरल्याप्रमाणे. पण हे तिच्यावर रुसले नाहीत. थकले होते.

माउलीचं मी बघेन म्हटलं होतं ना. मी काही बघितलं नाही. ते यांनीच बघितलं. रविवारी सकाळी निवेदिताला म्हणाले, "तू बस चाकावर." ती म्हणाली, "बाबा, मला तिचा गिअर येत नाही." हे म्हणाले, "मला येतो." आम्ही कनकपुरा रोडच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर गेलो. शलाका यांच्या मांडीवर, मी मागे. हे डोळे मिटून ऐकत होते. "आता दुसरा. लवकर घातलास, रडवू नकोस तिला. सोड. चढ आलाय, ऐकू येतंय ना? परत पहिला." निवेदिता अर्ध्या वाटेत हसायला लागली. म्हणाली, "बाबा, हाकताय तुम्हीच. मी नुसती चाक धरून बसलेय." मी मागे हात जोडले. फाटकाशी परत आल्यावर मी आधी उतरून लिंबं ठेवली. या वेळी सगळी चिरडली.

एक अडचण आहे, म्हणून लिहिते. हे सारखे विचारतात, "काटा कुठाय?" निवेदिता रस्ता बघणार की काटा? मला मागून दिसत नाही, आणि दिसला तरी माझा जीव शलाकेत.

तेव्हा माघी पौर्णिमेच्या आदल्या सकाळी तुम्ही खानापूरला स्टेशनाबाहेर उभे राहा. वहिनींना आणि शलाकेला माझ्याजवळ मागे घेते. पुढे निवेदिता, कडेला हे, आणि मधे तुम्ही. मधून डॅशबोर्ड चांगला दिसतो.

हे आवाज ऐकतील. काटा तुम्ही बघा. मधे असला की यांच्या मांडीवर एकदा थाप मारा, तोंडाने सांगायला जाऊ नका, तुम्ही फार ओरडता, पोर दचकते.

अनुसूया